रस्त्याखालच्या तीन पायऱ्या

सांगलीच्या मुख्य रस्त्यावरच्या एका शिंप्याच्या दुकानात पूर्वी तीन पायऱ्या चढून जावं लागे. रस्त्यावर डांबराचे थर पडत गेले आणि एकेक पायरी खाली बुडाली. आता आपण रस्त्यावरून दुकानात चक्क उतरतो. नवं डांबर पडलं की हे गृहस्थ गळ्यातली टेप चौकटीपासून रस्त्यापर्यंत धरतात आणि जुन्या गिऱ्हाइकाकडं बघावं तसं बघत म्हणतात, “अंगानं लय भरला गडी!” तक्रार कधीच नाही.

परवा पाइपलाइनसाठी त्यांच्या दारात चर खणला आणि सगळ्यात खालची, काळ्या दगडाची पायरी उघडी पडली. हातातली शिवण तशीच टाकून ते चरात उतरले, फडक्यानं पायरी पुसली आणि तिच्यावर बसले. डोक्याशी मोटारसायकलींची चाकं फिरत होती. त्यांची नजर मात्र टांगा येताना दिसावा तशी लांब लागलेली. मी वाकून पाहिलं, तर सरकून जागा करत म्हणाले, “या की, बसा. चपला तेवढ्या काढा.”

भर रस्त्यात मी चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी चर बुजवला. तेव्हापासून त्या दारासमोर मी पाऊल जपून टाकतो. खाली आम्ही दोघं बसलेलो असतो.