पाइपलाइनचं माप

गावी आमच्या समोरच्या घरातले मिस्त्रीचाचा नसते तर काय झालं असतं, हा विचार आला की मले इथं पुण्यात जेवण जात नाही. म्हणून आधी त्यांचं सांगतो. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात, वयानं बाबांच्या बरोबरीचे.

बाबांना पार्किन्सन आहे. हात थरथरतो ते सगळ्यांना दिसतं. पण दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात, ते घरच्यांनाच माहीत. संडास अंगणाच्या पल्याड. आई हात धरायला गेली की बाबा झटकून टाकत.

"मी का लहान पोरगा आहो? सोड!"

दिवाळीत बोरी अरबला घरी गेलतो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. बाबा दारात उभे, पाय उचलत नाही, आणि घाई तर झालेली. मी नुसता "चाला न, बाबा" म्हणत राह्यलो. शेवटी धोतर ओलं झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी मोटारीचे काढलेले पाइप आमच्या अंगणात आडवे टाकले होते, त्यांच्या दारात जागा नव्हती. बाबा निघाले, आणि कपाशीच्या ओळींचे तास ओलांडावे तसे एकेक पाइप ओलांडत गेले. न थांबता. आई, मी, चाचा, सगळे पाहतच राहिलो.

"अरे वा, भाऊ! वावरात फिरून राह्यले का?" चाचा म्हणाले.

"पाइप उचला आधी, मिस्त्री. पडलो असतो न!" बाबा म्हणाले, पण हसत होते.

चाचांनी पाइप उचलले आणि त्या जागी पाऊल-पाऊल अंतरानं पांढऱ्या ऑइलपेंटचे आडवे पट्टे ओढले, आमच्या दारापासून संडासापर्यंत. बाबा तेही पाइपांसारखेच ओलांडत गेले. मग चाचांनी तसेच पट्टे स्वतःच्या दारातही ओढले.

"तुमच्याकडे कायले, चाचा?" मी विचारलं.

"एकाच घरी दिसले त लोक विचारतीन. कोणी विचारलं त सांगजो, पाइपलाइनचं माप टाकलं."

लोकांनी ते मानलं. एक जण तर "आमच्याकडे कधी येते पाइपलाइन?" म्हणून चाचांच्या मागेच लागला.

आता आई फोनवर सांगते, कधी कधी पट्ट्यापाशीही पाय अडतो. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. चाचा पुसट झालेले पट्टे पुन्हा रंगवतात. मी आठवीत शाळा सोडलेला, गोदामात खोकी उचलणारा. सुट्टी मागितली तर माझ्या जागी दुसरा माणूस तयारच असतो. इथून एवढंच विचारतो, "आज बाबा एकटे गेले का?" 'हो' आई लगेच म्हणते. 'नाही' म्हणायच्या आधी जराशी थांबते, आणि तेवढ्यात मले कळून जातं.

चाचाही आता गुडघ्यावर हात टेकून उठतात. चाचा, तुमच्यावर अशी वेळ न येवो. पण आलीच, तर कुठंही असलो तरी मी येईन. तुमच्या दारातले पट्टे मी रंगवीन, आमच्याही दारात ओढीन, आणि कोणी विचारलं तर सांगीन, पाइपलाइनचं माप टाकलं.