आप्पा एकाच वेळी चार ठिकाणी

आमच्या घरात जे काही आहे ते आप्पांच्या नावावर आहे.

जमीन, विजेचं मीटर, मोटारीचं कनेक्शन, गॅस, ट्रॅक्टर, दोन्ही मोटारसायकली, सगळं. माझ्या मोबाइलचं सिमसुद्धा आप्पांच्या नावावर आहे, त्यामुळे मला येणारे कंपनीचे फोन "नमस्कार, आप्पासाहेब" असेच सुरू होतात. आप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या घरात नवीन काही आलं की ते कुणाच्या नावावर करायचं, हा प्रश्नच कधी पडत नाही. मला तर नाहीच पडला. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात मी किती निरागस होतो ते लक्षात राहील.

मी शिरूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. याचा त्रास असा, की गावातल्या कुणाचाही मोबाइल, मिक्सर किंवा शेजारच्यांचा पाणी तापवायचा रॉड बिघडला तरी मलाच बोलावतात. 'मी सॉफ्टवेअर शिकतो' असं म्हटलं तर लोक म्हणतात, "व्हय ना, मग बघ की!"

तर कॉलेजातून बाहेर पडलेल्या एका सीनियरने त्याच्याकडचा जुना नॅस मला दिला. नॅस म्हणजे एक काळा डबा. आत हार्ड डिस्क असतात, घरच्या वायफायला जोडला की त्यातले व्हिडिओ टीव्हीवर, मोबाइलवर कुठेही दिसतात. मी त्यात मीडिया सर्व्हर चालू केला आणि घरचे सगळे व्हिडिओ भरले. जत्रेतल्या कुस्त्या, कीर्तनं, लावणीचे कार्यक्रम, नुकताच झालेला माझ्या बहिणीचा, सारिकाताईचा साखरपुडा. डबा स्वयंपाकघरात धान्याच्या कोठीवर ठेवला, कारण वायफाय तिथेच नीट मिळतं. आईने दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. (फूल नेमकं पंख्याच्या जाळीवर! डबा तापून बंद पडला. आई म्हणाली, "देवाचं पचलं न्हाई त्याला.")

बघायला खातं लागतं, म्हणून मी एक खातं काढलं. कुणाच्या नावाने, ते सांगायला नकोच.

तो पासवर्ड आप्पांनी मोठ्या मनाने सगळ्यांना वाटला. शेजारच्या चुलत्यांना दिला, पाटसच्या मामांना दिला. ताईचं सासर ठरलं होतं दौंडला, रेल्वे कॉलनीत. मुलगा किरण रेल्वेत कामाला. आप्पा म्हणाले, "पाव्हण्यांना पण दे. साखरपुडा बघत्याल बिचारे." दिला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण कॉलेजात सर म्हणाले, "सर्व्हर चालवणं सोपं आहे. त्याच्यावर देखरेख ठेवणं हे खरं इंजिनिअरिंग!" मला ते मनापासून पटलं. (मला सरांचं सगळंच मनापासून पटतं. हा दोष आहे, माहीत आहे.) मी डब्यावर देखरेखीचं सॉफ्टवेअर टाकलं. कोण, केव्हा, काय बघतंय, कुठे थांबवलं, सगळं ते टिपतं आणि लगेच आमच्या घरच्या ग्रुपवर मेसेज टाकतं. मूळ मेसेज इंग्रजीत होते. मी बसून त्यांचं मराठी केलं, घरच्यांना कळावं म्हणून. आदरार्थी केलं, 'पाहत आहे' नाही, 'पाहत आहेत'! त्या मेसेजमध्ये कोणत्या मोबाइलवर किंवा टीव्हीवर बघतायत, तेही यायचं. पण ते लांबलचक आणि किचकट दिसत होतं. घरच्यांना काय करायचंय, म्हणून मी ते काढून टाकलं.

इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच असावं.

पहिल्या दिवशी आईने चष्मा लावून मोबाइल बघितला आणि हाक मारली.

"अहो, तुम्ही दुपारी उसाला पाणी द्यायला गेला होता ना?"

"व्हय. का?"

"मग हितं लावणी कोण बघत होतं?"

"कुठली लावणी?"

"हे काय लिवलंय. 'आप्पा लावणी पाहत आहेत.' आन् लगेच खाली, 'आप्पा कीर्तन पाहत आहेत.' पाप केलं आन् लगीच धुतलं!"

मी मध्ये पडून समजावलं, की एकाच नावाने सगळे बघतायत, लावणी चुलत्यांची आणि कीर्तन मामांचं. आईला पटलं नाही. त्याच संध्याकाळी मेसेज आला, 'आप्पा एकाच वेळी चार ठिकाणी पाहत आहेत.' आई म्हणाली, "देवाला बी जमत न्हाई एवढं." आप्पा गालातल्या गालात हसले. त्यांना तो मेसेज आवडला असावा.

दिवसभर मेसेज येत राहिले. आप्पांनी सुरू केलं, आप्पांनी थांबवलं, आप्पांनी पुन्हा सुरू केलं. लाइट गेली की 'सर्व्हर बंद पडला', आली की 'सर्व्हर चालू झाला'. आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. मी इतका कंटाळलो, की शेवटी तो ग्रुपच म्यूट केला. घरातल्या बाकीच्यांनीही तेच केलं. आपणच लावलेल्या देखरेखीकडे कुणीही लक्ष देत नाही, असा एक शांत काळ आला.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. साखरपुडा झाल्यावर आप्पांनी "आता काय, ती बी घरचीच मानसं" असं म्हणून व्याही आणि विहीणबाईंना त्याच ग्रुपमध्ये घातलं होतं. (नवरदेवाला नाही. नवरदेवाला ग्रुपात कोण घालतं?) ते दोघे मात्र नवीन पाहुण्यांच्या घरचं म्हणून प्रत्येक मेसेज श्रद्धेने वाचत होते.

एका सकाळी मामा पाटसवरून मोटारसायकल दामटत आले. लग्न त्यांनीच जमवलं होतं. उतरले, हेल्मेटही काढलं नाही.

"दाजी, काय चालवलंय तुम्ही?"

आप्पा दात घासत होते. "काय केलं?"

"रोज साखरपुड्याचा व्हिडिओ लावताय म्हणं! आन् रोज एकाच जागी थांबवताय. बाराव्या मिनिटाला!"

"मी? मी तर तो एकदाच बघितला. त्यात बी डुलकी लागली."

"ग्रुपवर लिवून आलंय! 'आप्पांनी ताईचा साखरपुडा पाहिला. थांबवले, बारावे मिनिट.' पुन्हा सुरू, पुन्हा थांबवले. विहीणबाईंनी लावून बघितलं, बाराव्या मिनिटाला हाय तरी काय! तर त्या आपल्या सारिकाच्या गळ्यात सोन्याचा हार घालत्यात. म्हणाल्या, पोरीचा बाप रोज हार थांबवून बघतोय, म्हंजी खरा हाय का खोटा त्ये तपासतोय! असल्या संशयी घरात आमाला सोयरीक नको."

आप्पांच्या तोंडातला फेस तसाच राहिला. मामांनी आता कुठे हेल्मेट काढलं आणि सगळ्यांनी हळूहळू माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे सगळ्यांनी एकदम बघण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी बारावीचा निकाल होता. तेव्हा बरं वाटलं होतं.

"मी नावं वेगळी करून देतो," मी म्हणालो.

"लग्न मोडल्यावर?" मामा म्हणाले.

ताई दारात उभी होती. मला वाटलं ओरडेल. एरवी ती माझ्यावर इतकी ओरडते, की त्याने मला बरं वाटलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "मला ती मानसं आवडली होती रे." आणि आत गेली. मी डब्याकडे बघितलं. डब्याचा हिरवा दिवा मजेत लुकलुकत होता.

दौंडला जाऊन हातापाया पडायचं ठरलं. निघण्याआधी मी सॉफ्टवेअरची सगळी नोंद उघडली, मी काढून टाकलेल्या रकान्यासकट. साखरपुडा, बारावं मिनिट. साखरपुडा, बारावं मिनिट. पुढे प्रत्येक ओळीत एकच. 'किरणचा मोबाइल.'

म्हणजे नवरदेव!

हे सांगावं तर त्या बिचाऱ्याची आईबापापुढे, पाहुण्यांपुढे शोभा होणार. न सांगावं तर ताईचं लग्न मोडणार. वाटेत तीनदा मी "आप्पा, एक सांगू का?" म्हणालो आणि तिन्ही वेळा "पेट्रोल टाकायचं का?" असं म्हणून विषय संपवला.

दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये बैठक बसली. व्याही गंभीर, विहीणबाई त्याहून गंभीर. चहा मात्र आला. आपल्याकडे सोयरीक मोडायची असली तरी चहा येतोच.

"पाव्हणं, हार माझ्या आईचा हाय," विहीणबाई म्हणाल्या. "तपासायचाच व्हता तर तवाच सोनाराकडं न्यायचा व्हता. चोरून कशाला बघायचं?"

"विहीणबाई, देवाशपथ सांगतो, मी बघितला न्हाई."

"मग काय भुतानं बघितला?"

"पोराचं मशीन येडं हाय," मामा म्हणाले.

मशीन येडं नव्हतं. मशीन माझ्यापेक्षा कितीतरी शहाणं होतं. मी तोंड उघडलं. मोठ्यांच्या बैठकीत लहानाने बोलायचं नसतं, म्हणून मिटलं. पुन्हा उघडलं. व्याह्यांना वाटलं मला बिस्कीट हवंय, त्यांनी बशी पुढे केली. मी बिस्कीट खाल्लं.

तेवढ्यात विहीणबाईंचा मोबाइल वाजला. लगेच व्याह्यांचा वाजला. विहीणबाईंनी सवयीने मोठ्याने वाचलं.

"'आप्पा ताईचा साखरपुडा पाहत आहेत.'"

सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांच्या एका हातात कप, दुसऱ्या हातात बशी. मोबाइल खिशात. त्यांनी बशी हळूच वर धरून दाखवली, पोलिसांना दाखवतात तशी.

"'थांबवले,'" विहीणबाईंचा आवाज बारीक झाला, "'बारावे मिनिट.'"

मग त्यांनी मान वळवून आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं. मुलाची आईच ती! तिला सॉफ्टवेअर लागत नाही.

"किरण!"

"आलो," आतून आवाज आला. दार उघडलं. एका कानात इअरफोन, दुसरा छातीवर लोंबतोय, डोळे लाल, हातात मोबाइल आणि मोबाइलवर आमची ताई. बाहेर इतकी माणसं आपल्याकडेच बघतायत म्हटल्यावर तो जागच्या जागी अटेन्शनमध्ये उभा राहिला.

"काय बघत व्हतास?"

"काय न्हाई. म्हटलं, मोडतंच हाय, तर शेवटचं एकदा..."

"रोज तूच बघतोस व्हय?"

"व्हय."

"काय बघतोस एवढं त्यात? हार?"

किरण खाली बघत म्हणाला, "हाराच्या जरा वर."

व्याह्यांना चहाचा ठसका लागला, मामांनी त्यांच्या पाठीत थापटलं, आणि विहीणबाई पदर तोंडाला लावून अशा हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हार गळ्यात पडल्यावर ताईने मान वर करून जे हसून बघितलं होतं, ते बारावं मिनिट!

"सूनबाईला फोन लावा," विहीणबाई म्हणाल्या. "आन् ह्याला घाला ग्रुपात. बाहेर ठेवल्यावर लई नुकसान करतोय."

लग्नाची तारीख तिथल्या तिथे ठरली.

परत येताना मागे आप्पा बसले होते. रस्त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता आणि ओव्हरटेक करायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी मुकाट त्याच्या मागे चालवत होतो. आप्पा म्हणाले, "तुझं ते सॉफ्टवेअर नक्की करतं काय?"

मला भरून आलं. घरात पहिल्यांदाच कुणीतरी हे विचारत होतं. मी मनापासून समजावलं. "आप्पा, कोण कुठे आहे, काय बघतंय, किती वेळ बघितलं, कुठे थांबलं, सगळ्यावर ते लक्ष ठेवतं आणि बाकीच्यांना सांगतं."

आप्पांनी विचार केला.

"मंग ह्याला कॉलेज कशाला लागतंय? आपल्या एसटी स्टँडच्या ओट्यावर चार म्हातारे सकाळपासून ह्येच करत्यात. त्यांना लाइट बी लागत न्हाई."

खरंच होतं ते. त्या चौघांनी आजवर एकदाही दुसऱ्याच कुणाला चुकून आप्पा समजलेलं नाही!