वाघदेवाची ओळ

ताज्या चिरलेल्या सागाचा वास आला की मला जामसरजवळचा तो रस्ता आठवतो. संस्थानचा नवा रस्ता शेतांतून जाणार होता. वडील ओव्हरसियर होते, आणि वाटेतल्या कोणत्या जुन्या जागांना हात लावायचा नाही याची यादी त्यांनी गोऱ्या साहेबासाठी माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतली. बांधावर एका म्हाताऱ्याने मला सूर्य, चंद्र आणि वाघ कोरलेला, शेंदूर फासलेला सागाचा खांब दाखवला. “बाय, हा आमचा वाघदेव. त्याला इंग्रजी येत नाय, तूच सांग सायबाला,” तो हसत म्हणाला. मला नेमका शब्द सुचेना आणि वडिलांना विचारायचा संकोच वाटला, म्हणून मी ‘कोरीव लाकडी खांब’ एवढेच लिहिले. साहेबाने देऊळ आणि विहीर ठेवली, खांबाची ओळ खोडली. पुढच्या आठवड्यात बाहेरगावच्या मजुरांनी तो चिरून रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीच्या कामाला लावला. भुशात शेंदराचे लाल कण दिसत होते. म्हाताऱ्याने विचारले, “लिवला होतास ना, बाय?” “लिहिला होता,” मी म्हणाले. “मग सायबालाच वाचता येत नसंल,” तो म्हणाला आणि निघून गेला. ‘देव’ हा शब्द मी लिहिलाच नव्हता, हे सांगायला मी त्याला थांबवले नाही. अजूनही त्या न सांगण्याचीच बोच आहे.