बंद गाडीचा चालू विमा

या देशातले मोटारींचे सगळे कायदे मनापासून पाळणारा माणूस एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. सरकारला याची कल्पना नाही. असती तर सरकारनेच हात जोडून सांगितलं असतं की मामा, इतकं मनावर घ्यायला आम्ही तरी कुठे सांगितलं होतं? बरं, हा गृहस्थ दिवसभर हमरस्त्यावर गाडी पळवतो म्हणावं, तर तेही नाही. त्यांची पांढरी मोटार गेली कित्येक वर्षं पारनेर तालुक्यातल्या त्यांच्या गावी, घरापुढच्या कडुलिंबाखाली उभी होती आणि इतक्या काळात जागची तसूभर हलली नव्हती. कोंबड्या तिच्या डिकीत अंडी घालत. अशा गाडीत मामा रोज सकाळी चहा झाल्यावर ड्रायव्हरच्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाचायचे, आणि वाचण्याआधी पट्टा लावायचे.

एकदा मी सहज त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. मामांनी वाचन थांबवलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पट्टा लावा, जावईबापू. बाजूला बसनाऱ्यालाबी नियम हाय." पुढच्या चाकापाशी एक कोंबडी निर्धास्तपणे दाणे टिपत होती, तिकडे मी बोट दाखवलं. कायद्यात कोंबडीचं मत विचारात घेत नाहीत, असं त्यांनी मला समजावलं. मी मुकाट्याने पट्टा लावला. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. मामांनी पट्टा काढला, खाली उतरले, दार लावलं, झाडाच्या बुंध्याशी उभं राहून बोलले आणि परत येऊन पट्टा लावून बसले. गाडीत बसून फोनवर बोलायचं नसतं ना! तो फोन दूध डेअरीतून होता आणि संभाषण एवढंच होतं की आज दूध कमी का आलं.

विम्याच्या बाबतीत तर मामांनी कमालच केली होती. मुदत संपायच्या आत ते एसटीने नगरला जात आणि त्या न चालणाऱ्या गाडीचा विमा भरून येत. विमा एजंट जुना ओळखीचा, भला माणूस. उभ्या गाडीला कशाला विमा, असं तो दरवर्षी विचारायचा. "उभा मानूस मरत न्हाई का?" असं मामा दरवर्षी उत्तर द्यायचे. क्लेम न केल्याबद्दल कंपनी जी सूट देते, ती त्यांना अर्थातच पूर्ण मिळायची. मामा ती सूट एखाद्या पदकासारखी चारचौघांत मिरवायचे. इतक्या वर्षांत एक अपघात नाही, असं ते पाव्हण्यारावळ्यांना सांगत, आणि ते खरंच होतं. कडुलिंबाखालच्या वाहतुकीत अपघात करायला माणूस फारच निष्काळजी असावा लागतो.

तरी एकदा अपघात झालाच. शेजाऱ्याची म्हैस पाठ खाजवायला गाडीच्या मागच्या बंपरला भिडली आणि तिचंच कातडं सोललं. दुसरा कुणी असता तर म्हशीला हाकललं असतं. मामांनी एजंटाला फोन केला. थर्ड पार्टी म्हणजे तिसऱ्याचं नुकसान, आणि गावात म्हशीपेक्षा जास्त तिसरं कोण असणार, तेव्हा तिला भरपाई मिळालीच पाहिजे असं त्यांचं म्हणणं. एजंटाने शांतपणे विचारलं की धडक कुणी दिली. मामा खोटं बोलत नाहीत. म्हशीने, असं त्यांनी सांगितलं आणि क्लेम तिथेच निकालात निघाला. सूट मात्र वाचली. मामींनी म्हशीला हळद लावली.

मामांनी गाडीशिवायच पीयूसीवाल्याच्या दुकानी जाऊन घातलेला वाद तर गावात अजून रंगवून सांगतात. धूर तपासायचा तर गाडी आणून इंजिन सुरू करा, असं तो म्हणाला. मामा म्हणाले की आपली गाडी धूर सोडतच नाही, म्हणजे ती पास. पीयूसीवाल्याने पुष्कळ सांगून पाहिलं की धूर नाही असं म्हणायलाही मशीनला आधी थोडा धूर लागतो. जिल्ह्यातल्या सर्वांत स्वच्छ गाडीला प्रमाणपत्र नाही आणि त्याच्या दुकानासमोरून काळे ढग सोडत जाणाऱ्या टेम्पोला आहे, याचा मामांना इतका राग आला की ते परतताना एसटी न धरता दोन बसस्टॉप चालत गेले.

एवढं सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर यंदा गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली. नोंदणी पुढे वाढवायची तर पासिंग करायचं, म्हणजे गाडी नगरच्या आरटीओत नेऊन चालवून दाखवायची. नाहीतर कायद्याच्या लेखी ती गाडी राहणार नव्हती. मामांचा मुलगा पुण्याला असतो, त्याला ही बातमी ऐकून फार बरं वाटलं. गाडी भंगारात घालून तिथे पत्र्याची शेड टाकायचा त्याचा जुना बेत. त्याने धाडलेला भंगारवाला येऊन, कलिंगड पारखावं तसा बॉनेट वाजवून गेला. त्या दिवसापासून मामांचं गाडीतलं वाचन बंद झालं. ओट्यावर नुसते बसून राहायचे. मामींनी मला नगरला फोन केला. "ती गाडी गेली तर हे खचत्याल," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. मामी एरवी इतक्यात फोन ठेवत नाहीत, म्हणून मी घाबरलो.

मी शिकलेला जावई, तेव्हा पळवाट शोधली. गाडी वापरात नाही असं आरटीओला कळवून टाकू म्हणजे पासिंगची कटकट नको, असं मामांना पटवून मी त्यांना नगरला घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाईंनी आम्हाला समजावलं की वापरात नसल्याचं कळवणं हे कराच्या हिशेबासाठी असतं, त्याने नोंदणीची मुदत थांबत नाही. मामांनी हेच मला येताना बसमध्ये सांगितलं होतं. परतीच्या बसमध्ये ते मला टोचून बोलले नाहीत, हे जास्त टोचलं.

मग सुप्याहून मेकॅनिक आणला. त्याने बॉनेट उघडलं, तेव्हा मामा तिथे हवे होते. कारण त्या गाडीला कुणी नुसता हात लावला तरी ते मागे उभे राहायचे. पण ते विळा घेऊन गोठ्यामागे गवत कापायला निघून गेले. मेकॅनिक बराच वेळ वाकून पाहत होता. मग म्हणाला, "हिला काय झालंच न्हाई. हितली मेन वायर कुनीतरी काढून, पुसून, पिशवीत घालून आतच ठिवलीय." मी मामींकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता, पण त्यांना नवल वाटल्याचं काही दिसेना.

गोठ्यामागे जाऊन मी मामांना विचारलं. ते गवत कापतच राहिले आणि तसेच सांगत गेले. कित्येक वर्षांपूर्वी सुप्याच्या बाजारातून येताना डाव्या अंगाने एक म्हातारी डोक्यावर भारा घेऊन रस्त्यावर आली. ती त्यांना दिसलीच नाही. दिसली तेव्हा गाडी तिच्या लुगड्याला घासून पुढे गेली होती. तिला काही झालं नाही, तिला कळलंही नाही. नगरच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. समोरचं दिसेल, कडेचं गेलं ते गेलं. त्याच दिवशी मामांनी वायर काढली आणि गावाला सांगितलं की गाडी बंद पडली.

"आपन बंद पडलो म्हनायला तोंड व्हत न्हाई, जावईबापू."

मग विमा कशाला भरत होता, असं मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"मी बंद पडलो. तिनं काय केलंय?"

मी त्यांच्या हातातला विळा घेतला आणि थोडं गवत कापलं. मला गवत कापता येत नाही, पण त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

बॅटरी, टायर, ब्रेक, टाकीची सफाई असं सगळं झालं आणि गाडी सुरू झाली. पीयूसीवाल्याने धूर पाहिला आणि मामांना नमस्कार केला. नगरला मी गाडी नेली. मामा आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डाव्या सीटवर बसले. आरटीओच्या साहेबांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, मैदानात एक फेरी मारायला लावली आणि पास म्हणाले. जाता जाता, जुनी गाडी छान ठेवलीय असं वाटून असेल, त्यांनी सहज विचारलं की चालवतं कोण. मी मामांचं नाव सांगायला तोंड उघडलं होतं. इतक्या वर्षांची सवय, आणि साहेबांना तरी काय फरक पडणार होता?

"आता हे चालवत्यात," मामा म्हणाले. "मला कडंचं दिसत न्हाई."

आजूबाजूला आठ-दहा माणसं उभी होती. मामींखेरीज त्यांनी आजवर ते सांगितलं होतं ते फक्त मला, तेही विचारल्यावर, गोठ्यामागे. आणि ते तिथे सांगावं असा तर कोणताच नियम नव्हता. साहेबांनी मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे गेले.

नगरबाहेर पडून पुणे रस्त्याला लागलो तसे मामा सावरून बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "डावीकडचं तुमी बघा. समोरचं मी बघतो."

मी हो म्हणालो आणि तसे आम्ही घरापर्यंत आलो.