पोळी तुटली तेव्हा
उपड्या मडक्यावर भाजणाऱ्या लांब पोळीचा वास आला की मला ऊर्जानगरच्या क्वार्टरमागची आमची चूल आठवते. बाबांचं वीज केंद्र तेव्हा नवं होतं, मी एम.एस्सी. करत होते आणि दुसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या कॉलेजात मला पृथ्वीच्या चुंबकीय शेपटावर बोलायचं होतं. सूर्याकडून येणारा वारा ते शेपूट ताणत नेतो, मग ते मध्येच तुटतं आणि प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, गोळा दूर पळतो, हे सगळं पाठ होतं, पण डोळ्यांसमोर काही येत नव्हतं. आईने मला हातावर लोंबवून ताणायच्या त्या पोळ्या करायला बसवलं. सैल, ओली कणीक माझ्या हातावरून लोंबत गेली, मध्ये बारीक झाली आणि तुटली. खालचा गोळा राखेत पडला, वरचा भाग सर्रकन मनगटाकडे आला, आणि मी ओरडतच उठले. "काऊन नाचून राह्यली वं? पोळी त फाटली," आई म्हणाली. मी तिला सांगितलं, सुटलेला गोळा अंतराळात जातो, उरलेलं शेपूट पृथ्वीकडे झेपावतं आणि ध्रुवावर आकाश उजळतं. "थांब, पाहू दे मले बी," म्हणत तिने स्वतःच्या हातावरची चांगली पोळी मुद्दाम तुटेपर्यंत लोंबू दिली. बाबा जेवायला आले तेव्हा एकही पोळी अख्खी नव्हती. आता मी वर्गात शिकवते तेव्हा हे सगळं पडद्यावर हलताना दिसतं, पण तो गोळा सुटला की माझ्या मनगटाला अजून ती ओली कणीक जाणवते.