दादा फोन लावतो

माझा मोठा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. हात सफाईदार, डोकं शांत, पण बोलताना लहानपणापासून अडतो. शाळेत पोरांनी त्याचं नाव 'अडकित्ता' पाडलं होतं. दादा स्वतःच हसून सांगायचा, "अडकलेली लिफ्ट मी सोडवतो. मी अडकलो की लोक जिना धरतात." फोनचा मात्र त्याने धसकाच घेतला होता. घंटी वाजली की तो वहिनीकडे बघायचा, आणि वहिनी ओले हात पुसत फोन उचलायची.

सोशल मीडिया नवा होता तेव्हा दादाचं नशीबच उघडलं. लिहिताना कोण अडतं? त्याने एका साइटवर बोलताना अडणाऱ्यांचा ग्रुप काढला, नाव ठेवलं 'दोन मजल्यांच्या मधे'. हळूहळू माणसं जमली. एक नर्स, एक निवृत्त कारकून, एक भूगोलाचे मास्तर. कोणीतरी लिहायचं, 'आज दुकानात जे हवं होतं तेच मागितलं. उच्चारायला सोपं म्हणून भलतंच घेऊन आलो नाही.' त्यावर सगळे लग्नघरातल्यासारखे खूश व्हायचे. कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं, पण जेवताना दादा त्यांच्या बातम्या घरच्या माणसांच्या असाव्यात तशा सांगायचा.

मग त्या साइटचं वागणं बदललं. आधी ज्याने जसं लिहिलं तसं क्रमाने दिसायचं. आता लोक ज्यावर तुटून पडतील ते वर यायला लागलं. भांडण बघायला माणूस थांबतो, आणि थांबला की त्याला जाहिराती दाखवता येतात. ग्रुपमध्ये कुठल्याशा औषधाने अडखळणं बरं होतं की नाही यावरून जुंपली ती मिटेचना. सभासद हजारोंनी वाढले. दादाही त्यात ओढला गेला. साधं लिहिलं तर कुत्रं विचारत नाही आणि खोचक लिहिलं की झुंबड उडते, हे त्याच्या लक्षात आलं. मग तोही खोचक लिहायला लागला. डबा उघडा पडलेला आणि दादाचा अंगठा काचेवर सरकतोय, असं चाललं होतं.

वहिनीने एकदा विचारलं, "अहो, एवढं कोणाशी बोलताय?"

दादा थांबला. "को... कोणाशीच नाही. बघतोय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या नर्सचे वडील गेले. शोकसभेत तिला दोन शब्द बोलायचे होते. आदल्या दिवशी संध्याकाळी तिने ग्रुपवर लिहिलं, 'मला जमेलसं वाटत नाही. कोणीतरी धीर द्या.' एकाचंही उत्तर आलं नाही. तिचं बरेच दिवस काही दिसलं नाही म्हणून दादा शोधायला गेला, तेव्हा कुठे त्याला ते सापडलं. खाली तिनेच नंतर लिहिलं होतं, 'राहू दे. न बोलताच बाहेर आले.'

मी तेव्हा त्याच्याकडेच होते. इतका चिडलेला दादा मी कधी पाहिला नव्हता. "त्या संध्याकाळी मी तिथेच होतो गं. बूट दाखवले मला. भांडणं दाखवली. ती ते... तेवढी नाही दाखवली."

नर्सने कधीतरी 'अडलंनडलं तर' म्हणून आपला नंबर दिला होता. दादाने तो लावला. वहिनीने सवयीने हात पुढे केला, पण त्याने मान हलवली.

पलीकडून "हॅलो" आलं. दादाचा 'मी' ओठांवरच अडला. मान ताठ, डोळे मिटलेले. आम्ही दोघी जागच्या जागी. पण पलीकडच्या बाईने फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने आवाज आला, "द... दादा, तुम्हीच ना? इतका वेळ गप्प राहून फोन न ठेवणारं दुसरं कोण असणार!"

दोघं हसत सुटले. वहिनी पुन्हा आपल्या कामाला आत निघून गेली.

मग दादाने ग्रुपमधल्या जुन्या माणसांचे नंबर मिळवले आणि एकेकाला फोन लावत सुटला. ग्रुप बंद करतोय म्हटल्यावर मास्तर भडकले. "एवढा वाढलेला ग्रुप? वे... वेड लागलंय का तुला?"

"मोजायला हजारो आहेत, मास्तर. हाकेला ओ देणारे ए... एका लिफ्टमध्ये मावतील."

मास्तर रुसले ते आजतागायत. काही माणसं हातची सुटलीही. ज्यांचा नंबर मिळाला नाही ती कुठे असतील, हा विचार दादाला अजून छळतो. पण आपण केलं ते बरोबर केलं, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नाही.

आता ही मंडळी रविवारी दादाच्या कंपनीच्या प्रशिक्षणाच्या खोलीत जमतात. भिंतीला लिफ्टच्या जुन्या मोटर्स, कोपऱ्यात उघडझाप शिकवायला ठेवलेलं लिफ्टचं दार. नर्सला यायला जमत नाही, ती फोनवरून असते. मागच्या रविवारी कॉलेजात जाणारी एक मुलगी आईसोबत आली. दादाने तिला नाव विचारलं, तर आईच घाईने सांगायला लागली.

"ताई," दादा म्हणाला, "तिला सां... सांगू द्या. इथे कोणालाच घाई नाही."

मुलीला वेळ लागला. कारकून काकांनी तेवढ्यात चहा ओतला, पण नजर तिच्यावरच ठेवली. तिने नाव सांगितलं. लगेच फोनमधून नर्सने आपलं सांगितलं, आणि तिलाही तितकाच वेळ लागला.