तारीख नसलेल्या गोळ्या

भुकूमला पौड रस्त्यावर एक हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याच्या माडीवर भाड्याचा हॉल. रविवारी सकाळी खाली सिमेंटची पोती उतरत असतात आणि वर मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना चालते. साठेक घरं असतील. कुणी नगरकडून नोकरीला आलेलं, कुणी जालन्याकडून. एकट्या रंभाबाई तेवढ्या इथल्याच, जवळच्या माले गावच्या. याच हॉलमध्ये साधना साळवेला साक्ष द्यायची होती, आणि काही ना काही निमित्त काढून तिने तीन रविवार ती टाळली होती.

साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. त्याची चाल ठरलेली असते. आधी अडचण, मग गुडघ्यावर येऊन केलेली प्रार्थना, मग अडचण कशी दूर झाली ते, आणि शेवटी सगळ्यांचं ‘आमेन’. अडचण दूर झालीच नसेल तर माणसाने साक्ष देऊ नये, असं कुठे लिहिलेलं नाही. पण तसं कुणी देत नाही.

साधना छत्तीस वर्षांची, लग्न न झालेली. कोथरूडच्या एका इस्पितळात तिने चौदा वर्षं नर्सची नोकरी केली, रात्रपाळ्या काढल्या, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. आई गेल्यावर घर खायला उठलं. त्याच सुमारास एका मिशनची माणसं मंडळीत येऊन गेली. मलावी देशातल्या दवाखान्यासाठी त्यांना नर्स हवी होती, पगार नाही, राहणं-जेवण मिळणार. साधनाने हात वर केला. तो खाली घ्यायला तिला पुढे कुणी वेळच दिला नाही. सत्कार झाला, शाल पांघरली, आणि बायकांनी औषधं गोळा करायला सुरुवात केली.

ही औषधं म्हणजे काय, तर घरोघरच्या डब्यांत उरलेल्या गोळ्या. आपल्याकडे केमिस्ट अख्खं पाकीट कुठे देतो? लागतील तेवढ्या चार गोळ्या कात्रीने कापून देतो. मुदतीची तारीख पाकिटाच्या एका टोकाला छापलेली असते, ती बहुतेक वेळा दुकानातच राहते. अशी कापलेली पाकिटं, कुणाच्या ऑपरेशननंतरची, कुणाच्या मेलेल्या नवऱ्याची, दोन मोठ्या बॅगा भरून निघाली. साधना नर्स होती. एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाने अशी गोळी पुढे केली असती, तर तिने त्याला वॉर्डातून हाकललं असतं. पण इथे रंभाबाईंनी डोळ्यांत पाणी आणून डबा पुढे केला होता. तिने तो घेतला. दानाला तोंडावर नाही म्हणणं आपल्या माणसांना जमत नाही, तिलाही जमलं नाही.

तिकडे पोहोचली तर कपड्यांची बॅग विमानतळावरच हरवलेली आणि गोळ्यांच्या दोन्ही सुखरूप. तीन आठवडे ती दोन साड्यांवर राहिली. दवाखान्याच्या दारात बायका तिला न्याहाळायच्या आणि विचारायच्या, मिशनरी कधी येणार? मीच ती, असं सांगितलं की हसायच्या. त्यांना गोरी माणसं ठाऊक होती. मिशनलाही तीच ठाऊक असावीत, कारण पहिले चार महिने साधनाने नर्सिंग केलंच नाही. परदेशातून महिना-महिना सेवेला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती स्वयंपाक करत होती. ‘सिस्टर, तुमच्या हाताला फार चव आहे,’ असं तिथल्या मिशनच्या साहेबांनी गोड बोलून तिला चुलीपाशी बसवलं. चौदा वर्षं आयसीयूत काढलेली बाई पाहुण्यांसाठी बिनतिखटाची आमटी ढवळत होती. विहिरीचा पंप बंद पडला की पाणी तिनेच आणायचं. दोनदा मलेरिया झाला, तेव्हाही भाजी चिरायला कुणी आलं नाही.

हे सगळं तिने इकडे कळवलं का? नाव नको. दर महिन्याला ती फोनवरून अहवाल पाठवायची आणि मंडळीचे पाळकसाहेब तो उपासनेत वाचून दाखवायचे. लोक प्रेमळ आहेत, आंबे गोड आहेत, प्रभू चालवतो आहे. एवढ्या माणसांनी टाळ्या वाजवून पाठवल्यावर आपण तिकडे कांदे चिरतोय हे कुठल्या तोंडाने लिहायचं? दोन वर्षं अशीच काढून ती परत आली, त्याच इस्पितळात नवीन माणसाच्या पगारावर पुन्हा लागली, आणि तिने ठरवलं की झालं ते झालं.

पण आता किमया निघाली होती. किमया तेवीस वर्षांची, नुकती नर्स झालेली, मंडळीची लाडकी. तोच दवाखाना, शुक्रवारचं विमान. आणि हॉलच्या कोपऱ्यात, हार्मोनियमच्या मागे, नवीन बॅग तोंडापर्यंत भरत आली होती. तीच कापलेली पाकिटं. ती बॅग जाऊ द्यायची नाही, आणि किमयालाही आंधळेपणी जाऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी साधना साक्ष द्यायला तयार झाली.

शनिवारी ती पाळकसाहेबांना भेटून सगळं सांगून आली. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

“साधना, तुझं दुःख मला कळतं,” ते म्हणाले. “पण सांगताना आशेने सांग. माणसं किती मनापासून देतात, तू बघतेस ना?”

“मनापासूनच देतात हो. गोळीला ते कळत नाही ना,” साधना म्हणाली.

रविवारी ती उभी राहिली आणि चाल मोडली. बॅग हरवल्याचं सांगितलं, तेव्हा हशा पिकला. चुलीचं सांगितलं, तेव्हा बायका चुळबुळल्या. मग तिने एस्तेरचं सांगितलं.

साधनाला चुलीपासून उठवून दवाखान्यात घेतल्यानंतरची ही गोष्ट. एस्तेर बाळंतीण होती, पहिलटकरीण. चौथ्या दिवशी सडकून ताप चढला. दवाखान्यातली सरकारी औषधं संपली होती. मोठं इस्पितळ चाळीस किलोमीटरवर, आणि मिशनची जीप पाहुण्यांना तलाव दाखवायला गेलेली. साधनाने आपली बॅग उघडली. तिथली मुख्य सिस्टर, ग्रेस, हात धरून म्हणाली, यावर तारीख कुठे आहे? साधना म्हणाली, दुसरं आहे काय आपल्याकडे? तीन दिवस त्या गोळ्या दिल्या. ताप हलला नाही. जीप आली तेव्हा न्यायला उशीर झाला होता.

“गोळ्यांनी गेली की तशीही गेली असती, मला माहीत नाही,” साधना म्हणाली. “पण ग्रेसने मला एकच विचारलं. तुझ्या घरच्या बाळंतिणीला तू हीच गोळी दिली असतीस का? म्हणून सांगते, ती बॅग पाठवू नका.”

कुणी आमेन म्हटलं नाही. मग मागच्या रांगेतून रंभाबाई उठल्या. सत्तरी उलटलेली, कमरेत वाकलेली बाई.

“आगं पोरी, त्या बॅगंत माज्या मालकाच्या गोळ्या हुत्या. ते गेल्यावर म्याच दिल्या तुला,” त्या म्हणाल्या. “म्हंजी ती लेकुरवाळी माज्या हातानं मेली म्हन की.”

“नाही आजी,” साधना म्हणाली. “तुम्हाला काय ठाऊक? मी शिकलेली, मला ठाऊक होतं. दिल्या मी.”

“मंग घेताना का न्हाई बोललीस? फेकून दिल्या असत्या म्या. लई वंगाळ केलंस बाई.” रंभाबाई पदर तोंडाला लावून खाली बसल्या. दोन बायका त्यांच्याकडे धावल्या, पाणी आणलं. साधनाकडे कुणी आलं नाही. पाळकसाहेबांनी तिच्या जखमी मनासाठी प्रार्थना केली, जणू आजारी तीच होती. मग शेवटचं गीत झालं आणि चहा वाटला गेला.

साधनाला वाटलं होतं की एकदा बोलून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. कप हातात धरून ती जिन्यापाशी उभी राहिली आणि ओझं होतं तिथेच होतं. तेवढ्यात किमया आली.

“बॅग मी नेत नाहीये,” किमया म्हणाली. “पाळकसाहेबांना सांगून आले.”

साधनाचा जीव भांड्यात पडला. “बरं केलंस. आणि जायचं म्हणशील तर अजूनही विचार कर. तिकडे…”

“नोकरी सोडलीय मी ताई. आईने पाहुण्यारावळ्यांना पेढे वाटलेत. आता कुठला विचार करू?” किमयाचा आवाज चढला, मग तिने तो खाली आणला. “मला एक सांग. गेल्या वर्षी जूनमध्ये तुझा अहवाल आला होता. एस्तेर नावाची एक बाळंतीण तापाने फणफणली होती, आपल्या मंडळीने पाठवलेल्या औषधांनी ती बरी होते आहे, स्तुती करा. पाळकसाहेबांनी दोनदा वाचून दाखवला. आम्ही सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच रविवारी मी माझं नाव दिलं.”

हे मघाशी साधनाने सांगितलं नव्हतं. एवढं सगळं सांगितलं, पण हे नाही.

“तो अहवाल लिहिलास तेव्हा एस्तेर जिवंत होती?”

जिन्यातून मुलं आरडाओरडा करत खाली पळाली. ती जाईपर्यंत दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. खोटं बोलायला तेवढा वेळ पुरला असता, आणि साधनाच्या ओठांवर ते आलंही होतं.

“नव्हती,” साधना म्हणाली. “दोन दिवस झाले होते जाऊन.”

किमयाने मान डोलावली, कप कट्ट्यावर ठेवला आणि ती जिना उतरून गेली.

शुक्रवारी विमानतळावर सोडायला मंडळीने दोन गाड्या केल्या. गोळ्यांची बॅग हॉलमध्येच राहिली, म्हणजे साधनाने मागितलं ते तिला मिळालं. जाताना किमयाने सगळ्यांना मिठ्या मारल्या, रंभाबाईंच्या पाया पडली. साधना तिथे नव्हती. तिला आणू नका, असं किमयानेच पाळकसाहेबांना सांगून ठेवलं होतं.